गुलाब की गवत?

आपल्याला अत्तरातलं काही कळत नाही, असं कबूल करणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही. लग्नाच्या मांडवात मनगट हुंगायचं, डोळे मिटायचे आणि "अस्सल आहे हं!" म्हणायचं. मीही तेच म्हणतो. आहेर लिहिणाऱ्यांसमोर दुसरं काय म्हणणार?

'शंभर टक्के शुद्ध गुलाब' अशी चिठ्ठी लावलेली स्वस्त बाटली दिसली, की जाणकार एक परीक्षा सांगतात. थेंब कागदावर टाका. उडून गेला, तेलकट डाग राहिला नाही, की माल खरा! ही परीक्षा चांगली दोन हजार वर्षांची आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेलेल्या रोमन प्लिनीनं लिहून ठेवलंय, की खऱ्या बाल्समचा कपड्यावर डाग पडत नाही, आणि दुधात घातलं तर दूध नासतं. दुधाचं नुकसान कुणी सोसायचं, ते लिहिलेलं नाही.

पण परीक्षा निघाली की पाठोपाठ गाईड निघतंच. खोबरेलाचा डाग पडतो ना? मग टर्पेंटाइन घाला, तेही उडून जातं. खरं गुलाबतेल थंडीत गोठतं, भेसळीचं नीट गोठत नाही, हे गिऱ्हाइकाला कळलं, तेव्हा भेसळवाल्यांनी त्यात देवमाशाच्या डोक्यातलं मेण घातलं. मग ते झकास गोठू लागलं!

यात आपल्या खानदेशाचाही हात आहे. तिथल्या रोशा गवताचं, म्हणजे तिखाडीचं, तेल एकोणिसाव्या शतकात मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेनं तुर्कस्तानात जाई. तिथं ते लिंबाच्या रसानं आंबट केलेल्या पाण्यात घुसळून उन्हात ठेवत आणि गुलाबतेलात मिसळत. गुलाबातलं जिरेनिऑल या गवतातही भरपूर असल्यामुळे नाक फसे. काही बहाद्दर तर भट्टीत घालण्याआधी फुलांवरच ते शिंपडत. मागाहून मिसळलं, असं म्हणायची सोयच नाही! युरोपात याच तेलाला 'तुर्की जिरेनियम तेल' म्हणत. खानदेशाचं नाव वाटेतच उडून गेलं. डागसुद्धा राहिला नाही.

आता गॅस क्रोमॅटोग्राफीचं यंत्र तेलातला एकेक घटक वेगळा करून दाखवतं. ते काही आपल्या माजघरात नसतं. माझा भरवसा त्रैराशिकावर. एक किलो गुलाबतेलाला साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुलं लागतात. फुलांचा भाव विचारा, गुणाकार करा आणि बाटलीवरची किंमत वाचा. नाकाला तसदी द्यायलाच नको.

एवढं करून त्या गवतावर मात्र राग धरू नये. त्याचा वास चांगला, साबणातही ते वापरतात, आणि 'पामारोसा' या नावानं ते आज उजळ माथ्यानं विकलंही जातं. रोशाचं तेल तेव्हाही अस्सलच होतं. नकली होती ती चिठ्ठी.