न उच्चारलेले नाव

मंडळी, रंगभूमीवर सगळेच तोंडाने बोलावे लागत नाही. कोकणातल्या जत्रेतला दशावतारी खेळ पाहा. मांडावर एक साधा लाकडी बाक असतो. राजा त्यावर येऊन बसला, की त्याचे सिंहासन झाले! नटाने खूण करायची आणि अर्थ प्रेक्षकांनी भरायचा, असा दोघांमधला हा जुना करार आहे.

या कराराचे बळ किती, हे पाहायचे तर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ आठवावे. हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. खाडिलकर हे टिळकांचे ‘केसरी’तले सहकारी. कथा मात्र महाभारतातली, घरोघरी ठाऊक असलेली. पांडव विराटाच्या घरी अज्ञातवासात आहेत. राणीचा भाऊ कीचक द्रौपदीचा छळ करतो. युधिष्ठिर म्हणतो, धीर धर. भीमाला तो धीर निघत नाही. तो कीचकाला मारतो.

आता काळ ध्यानात घ्या. लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय होते. १९०५ साली बंगालची फाळणी झाली. देशात मवाळ आणि जहाल असे दोन पक्ष पडले होते. अशा दिवसांत प्रेक्षक नाटकाला बसले, आणि त्यांना दिसले ते असे : कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. नाटकात कर्झनचे नाव एकदाही येत नाही. पण ते प्रेक्षकांच्या मनात आधीच होते.

सरकारपुढे पेच पडला तो इथे. न उच्चारलेला शब्द पकडायचा कसा? राजद्रोही वाटणारे नाटक बंद करण्याचा अधिकार १८७६ च्या कायद्याने सरकारला होता. अखेर १९१० साली ‘कीचकवधा’वर बंदी आली. त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने आपल्या पुस्तकात या नाटकाचा अर्थ विलायतेतल्या वाचकांना फोडून सांगितला. तिकडे खुलासा लागला. इकडच्या प्रेक्षकाला मात्र तो कोणी द्यावा लागला नव्हता!

असे का झाले? खुणेचा अर्थ नुसत्या खुणेत नसतो. तो खूण करणारा आणि पाहणारा यांच्या सामाईक ठेव्यात असतो. महाभारत ठाऊक नसलेल्याला ‘कीचकवध’ ही एका दुष्टाच्या वधाची गोष्ट वाटेल, एवढेच. ज्याला कथा ठाऊक आहे आणि आपल्या काळाचे दुःखही ठाऊक आहे, त्यालाच नाटकातले दुसरे नाटक दिसते. बंदीने प्रयोग थांबतो. प्रेक्षकाला उमगलेला अर्थ त्याच्याकडून परत घेता येत नाही.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेत नाटक बसवाल तेव्हा पडदे-पोशाख कमी पडले म्हणून खंत करू नका. काठीची तलवार होऊ द्या. मात्र प्रयोगाआधी मुलांना कथा नीट सांगा, आणि प्रयोगानंतर विचारा, “तुला यात काय दिसले?” उत्तरे निरनिराळी येतील. ती सगळी ऐकून घ्या.