आजोबांचे रान आणि वडिलांची फटफटी

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगताना १९५४ सालच्या पेनिसिलिनच्या कारखान्याचा आणि १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाचा उल्लेख होतो. तो योग्यच आहे. परंतु माझ्या आठवणीतले शहर भोंग्यावर चाले. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी आईच्या भाकऱ्या होत, रात्रपाळीचे शेजारी दिवसा निजत आणि आम्ही मुले दबकत खेळत असू.

भूसंपादनात आजोबांचे रान गेले. स्कूटरसाठी त्या काळी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. म्हणून आलेल्या पैशांतून वडिलांनी म्हैसूरला तयार झालेली एक जुनी जावा घेतली. त्याच रानावर उभ्या राहिलेल्या कारखान्यात ते तिच्यावरून कामाला जात. आजोबा मात्र त्या फटफटीवर कधीच बसले नाहीत.

पुढे १९८६ साली बजाजने कावासाकीच्या सहकार्याने मोटारसायकल काढली. २००७ साली आकुर्डीतील वाहन-उत्पादनच थांबले. रान गेले, तसा कारखान्याचा काळही सरला. कारखान्याने आमचे घर उभे केले, हे मी नाकारीत नाही. पण आजोबा का बसले नाहीत, हे मी त्यांना कधी विचारले नाही. शहराचा इतिहास लिहिणाऱ्याने ते विचारले पाहिजे.