आठातलं एक दुकान

धंद्यात यश मिळवलेला माणूस अंतरीचं स्वातंत्र्य शोधू लागला की पुढची गोष्ट कशी जाणार, हे वाचकाला आधीच ठाऊक असतं. दुकानाला टाळं लागतं, घरचे रडतात, माणूस आश्रम नाहीतर डोंगर गाठतो. चरित्रकारांनाही हीच गोष्ट सोयीची वाटते, कारण तिच्यात एक ठळक दिवस असतो, त्या दिवसाच्या आधीचा माणूस वेगळा आणि नंतरचा वेगळा असं दाखवता येतं. पण मुंबई आणि पुणे परिसरातल्या व्यापारी साधकांचा इतिहास नीट पाहिला, तर त्यातल्या काही फार मोठ्या माणसांनी असं काही केलेलं दिसत नाही. धंदा किती ठेवायचा, कुठे थांबवायचा, येणं कोणाचं सोडायचं, असे प्रश्न त्यांनी सोडवले आणि ते सोडवून पुन्हा त्याच गल्लीत राहिले. त्यांच्या विरक्तीची खूण कपड्यांच्या रंगात सापडत नाही. ती शोधायची तर त्यांच्या व्यवहाराकडेच जावं लागतं. माझं म्हणणं असं की त्यांच्यापुरतं आंतरिक स्वातंत्र्य ही आधी एक आर्थिक मर्यादा होती, आणि ही मर्यादा पाळणं सर्वस्व सोडण्यापेक्षा सोपं नव्हतं.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण गिरगावाजवळच्या खेतवाडीत आहे. मारुती शिवरामपंत कांबळी यांचा जन्म 1897 चा, मुंबईतला; बालपण आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कांदळगावात, शेतीवर पोट असलेल्या घरात गेलं. 1915 मध्ये वडील गेले, आणि 1918 च्या सुमारास थोरल्या भावाच्या मागोमाग मारुतीही मुंबईला आले. कोकणातून त्या काळी आलेल्या हजारो चाकरमान्यांचा हाच रस्ता होता. बहुतेकांचा प्रवास गिरणीत किंवा कचेरीत संपायचा. कांबळींनीही काही काळ कारकुनी केली, पण ती सोडून किरकोळ मालाचं, मुख्यतः विड्यांचं दुकान टाकलं. विडीचा धंदा भांडवल कमी मागतो आणि गिऱ्हाईक रोज परत येतं. कामगारवस्तीच्या शहरात त्याला मरण नव्हतं. थोड्याच वर्षांत एकाची आठ दुकानं झाली. लग्न झालं, तीन मुली आणि एक मुलगा झाला. वडिलांनी कधी मुंबईत नोकराचं काम केलेलं. मुलाच्या हाताखाली दुकानांची रांग. 1933 मध्ये एका मित्राने त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांकडे नेलं. 1936 मध्ये गुरू गेले, आणि पुढच्याच वर्षी कांबळी घरदार सोडून निघाले. इथपर्यंतची कथा नेहमीच्याच वाटेने जाते. पण आठेक महिन्यांच्या भटकंतीनंतर 1938 मध्ये ते परतले. वाटेत भेटलेल्या एका गुरुबंधूशी बोलताना, संसारात राहून निरिच्छपणे वागणंच अधिक कसाचं आहे, हे त्यांना पटलं, असं त्यांचं चरित्र सांगतं. परतल्यावर आठांपैकी एकच दुकान उरलं होतं. ते त्यांनी चालवलं. बाकीची सात पुन्हा उभी केली नाहीत. जग ज्यांना निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखतं, ते हे दुकानदार.

परत फिरण्याचा हा निर्णय एकट्याच्या लहरीतून आलेला नव्हता. त्यामागे एक परंपरा उभी होती. नवनाथांशी नातं सांगणाऱ्या इंचगिरी संप्रदायाचे भाऊसाहेब महाराज हे उमदीचे देशपांडे, म्हणजे वतनदार गृहस्थ. त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर तरुणपणी विजापूरला एका मारवाडी पेढीवर हिशेबनीस होते. याच परंपरेतले गुरुदेव रानडे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू. जमाखर्च लिहिणारा, वर्गात शिकवणारा, विड्या विकणारा, अशा माणसांची ही साखळी आहे. या संप्रदायात दासबोधाचं वाचन नेमाने चाले, आणि प्रपंच नेटका न करता परमार्थाच्या गप्पा मारणाऱ्याला रामदासांनी काय सुनावलं आहे, हे मराठी माणसाला सांगायला नको. सिद्धरामेश्वरांनी आपल्या गुरूच्या दीर्घ ध्यानाच्या पिपीलिका मार्गाऐवजी विचाराच्या विहंगम मार्गावर भर दिला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार व्यावहारिक होता. तासन्‌तास आसनावर बसायला ज्याला सवड नाही, त्यालाही 'मी कोण' हा विचार गल्ल्यावर बसून करता येतो. कांबळींनी घरात एक पोटमाळा बांधून घेतला. भजन, ध्यान आणि पुढे लोकांशी बोलणं तिथेच होई.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो खरा आहे. सात दुकानं त्यांनी सोडली नव्हती. मालक गैरहजर असताना ती हातची गेली होती. गमावलेल्या गोष्टीला त्याग म्हणणं ही भक्तांची नेहमीची सफाई नव्हे का? पण 1938 नंतर काय झालं नाही, तेही पाहिलं पाहिजे. शून्यातून आठ दुकानं उभी करणारा माणूस तेव्हा चाळिशीच्या आरंभी होता. त्याला धंदा येत होता, वस्ती ओळखीची होती, आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या महायुद्धाने मुंबईत पैसा आणि माणसं दोन्ही ओतली. दुसऱ्यांदा पसरायला याहून चांगला काळ कुठला? 1981 मध्ये घशाच्या कर्करोगाने त्यांचं निधन होईपर्यंतची त्रेचाळीस वर्षं त्यांनी तो पसारा मांडला नाही. नुकसान एकदाच होतं; ते भरून न काढणं हा मात्र दरवर्षी नव्याने घ्यावा लागणारा निर्णय आहे. दुसरा आक्षेप साधनांचा. या आयुष्याची माहिती बहुतेक शिष्यांकडून आलेली, तेव्हा तिच्यावर किती भरवसा ठेवायचा? माझ्या मते याच मुद्द्यावर दुकान उपयोगी पडतं. भक्तांना चरित्र रचायचं असतं तर त्यांनी हिमालयातली गुहा ठेवली असती, विडीचं दुकान ठेवलं नसतं. महिमा वाढवायला ज्याचा उपयोग नाही असा तपशील चरित्रात टिकतो, तेव्हा तो बहुधा खरा असल्यामुळेच टिकतो.

तुकोबांच्या बाबतीत आकडा आणखी स्पष्ट आहे. मोरे घराण्याकडे देहूची महाजनकी होती, सावकारी होती, दुकान होतं. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळाने हे सगळं मोडलं; पहिली पत्नी अन्नावाचून गेली, धंदा बुडाला, लोकांत मान राहिला नाही, हे तुकोबांनी स्वतःच्या अभंगातच सांगितलं आहे. पुढची गोष्ट अठराव्या शतकातल्या महिपतींची: लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली. आपण ही गोष्ट सांगताना एक तपशील सहसा गाळतो. खतं निम्मीच बुडाली. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, निम्मा वाटा आधी वेगळा काढून त्याच्या हाती देण्यात आला. भावाच्या हक्कावर आपलं वैराग्य लादायचं नाही, एवढा काटेकोर व्यवहार नदीकाठावरही पाळला गेला. घटना महिपतींनी सांगितली तशीच घडली की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण महाराष्ट्राने आपल्या सर्वांत लाडक्या विरक्ताची गोष्ट वाटणीपत्रासह जपली, हे निर्विवाद आहे. तुकोबांचं दिवाळं आधी निघालं, वैराग्य मागून आलं, असंही कोणी म्हणेल. म्हणू द्यावं. दिवाळं निघालेल्या सावकाराला तर येणं वसूल करण्याची गरज अधिकच असते.

माझ्या मांडणीला खरा त्रास देतात ते श्रीमद् राजचंद्र. 1867 मध्ये सौराष्ट्रातल्या ववाणिया गावी जन्मलेला हा माणूस मुंबईत जवाहिऱ्यांच्या पेढीत भागीदार झाला. एकाच वेळी शंभर गोष्टींवर अवधान ठेवण्याचे त्यांचे जाहीर प्रयोग मुंबईने पाहिले होते. ऐन विशीत त्यांनी ते बंद केले, म्हणजे पहिलं यश तिथेच टाकलं. 1891 मध्ये विलायतेहून परतलेल्या गांधींची त्यांच्याशी भेट झाली. लाखोंची उलाढाल करणाऱ्या या जवाहिऱ्याच्या समोर नेहमी एखादं धर्मपुस्तक आणि रोजनिशी असे, व्यवहाराचं बोलणं संपताच ती उघडली जाई, असं गांधींनी आत्मकथेत लिहिलं आहे. साक्षीदार तरुण बॅरिस्टर, शिष्यत्व न पत्करलेला. त्यामुळे ही साक्ष भारी आहे. पण राजचंद्रांची स्वतःची पत्रं वेगळं सांगतात. त्यांत ते व्यापाराला पुन्हा पुन्हा उपाधी, म्हणजे जंजाळ, म्हणतात. अखेरच्या काळात ते धंद्यातून बाजूला झाले, पूर्ण संन्यासाकडे त्यांचा ओढा होता, आणि 1901 मध्ये तेहतिसाव्या वर्षी राजकोटला ते गेले. मोत्यांच्या पेढीवर बसून ते मुक्त होते, असं म्हणणं त्यांच्याच शब्दांविरुद्ध जाईल. फार तर म्हणता येईल की जैन परंपरेत दीक्षेची राजरस्त्यासारखी वाट उघडी असतानाही ते अनेक वर्षं त्या उपाधीत राहिले. भागीदार, कुटुंब आणि घेतलेल्या जबाबदाऱ्या निस्तरल्याशिवाय निघायचं नाही, हीही एक मर्यादाच. फक्त ती त्यांना सुखाची नव्हती.

आज या मंडळींचा उपयोग निराळ्याच कारणासाठी होतो. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याने खेतवाडीतल्या मराठी संभाषणांचं इंग्रजी पुस्तक केलं, ते 1973 मध्ये मुंबईच्या चेतना प्रकाशनाने काढलं, आणि मग जगभरातून लोक त्या पोटमाळ्यावर येऊ लागले. (हे फ्रीडमन म्हणजे औंध संस्थानात पंतप्रतिनिधींबरोबर ग्रामराज्याची घटना उभारण्यात हातभार लावणारे. मोठ्या कारखान्याची नोकरी सोडलेला हा माणूस त्या दुकानदाराला ओळखतो, यात नवल नाही.) काचेच्या इमारतीत बसणाऱ्या उद्योजकाला या पुस्तकातून असा दिलासा मिळतो की पसारा कितीही वाढो, आतून अलिप्त असलं की झालं. इतिहास या दिलाशाला आधार देत नाही. कांबळींची अलिप्तता आठ दुकानांवर बसून सिद्ध झालेली नाही, ती एकावर थांबून झाली. दुकान ठेवणं आणि दुकान वाढवत राहणं यांतला फरक पुसला, तर या परंपरेतलं महत्त्वाचं तेवढं गळून पडतं.

याहून अवघड प्रश्न दुसऱ्या टोकाकडून येतो. 'पुरे' म्हणण्याची मुभा मालकाला असते. विडी दुकानात येण्याआधी निपाणीसारख्या भागात तंबाखू कुटली जाते, सिन्नर, सोलापूर, भंडाऱ्याकडे पानं कापून हजाराच्या दराने विड्या वळल्या जातात, आणि वळणारे हात बहुतांशी बायकांचे. या कामगारांच्या कामाच्या अटींसाठी स्वतंत्र कायदा व्हायला 1966 साल उजाडलं. दुकानदाराने आपला नफा मर्यादित ठेवला म्हणून वळणारणीचा दर वाढत नाही. घरातही तेच: तुकोबांच्या घरचं दारिद्र्य त्यांच्या दुसऱ्या पत्नी जिजाबाईंनी निवडलेलं नव्हतं, आणि त्यांच्या चिडण्याला कजागपणा म्हणत आलेली परंपरा त्यांच्यावर अन्याय करते. या आक्षेपाला खेतवाडीकडे उत्तर नाही, राजचंद्रांच्या झवेरी बाजाराकडेही नाही. थोडंफार आहे ते देहूकडे. तिघांच्या हिशेबांत तुकोबांचा तेवढा असा की त्यात दुसऱ्याच्या खात्यावरची रक्कमही पुसली गेली. निम्म्या खतांवर ज्यांची नावं होती, त्या कुळांचं देणं त्या दिवशी फिटलं. उरलेल्या निम्म्यांची वसुली कान्होबाने केली असणार.