चार भोकांची कुळकथा

प्रोसेसर बदलायचा म्हटलं की आपण वेग पाहतो, किंमत पाहतो. जुना कूलर नव्यावर बसेल का, हा प्रश्न बहुधा कॅबिनेट उघडल्यावरच पडतो. त्याचं उत्तर मदरबोर्डवर, सॉकेटच्या चार बाजूंना असलेल्या भोकांत असतं.

इंटेलच्या ३८६ पर्यंत प्रोसेसर उघडाच चाले. ४८६ च्या वेगवान आवृत्त्यांवर ॲल्युमिनियमचे हीटसिंक दिसू लागले. १९९३ चा पेंटियम सुमारे १५ वॉट उष्णता ओकू लागला आणि पंखा कायमचा मुक्कामाला आला. तो हलकाच असे, त्यामुळे सॉकेटच्या प्लास्टिकच्या आकड्यांत क्लिप अडकवली की काम भागे.

ही सोय २००० च्या सुमारास अंगाशी येऊ लागली. एएमडीच्या सॉकेट ए वरच्या चिपला धातूचं झाकण नव्हतं आणि क्लिप तर भलतीच कडक. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्या खाचेत घालून ती खाली रेटावी लागे. हात जरा तिरका पडला की चिपचा कोपरा उडालाच, नाहीतर टोक सटकून बोर्डावर ओरखडा. तांब्याचे जड हीटसिंक आले तसा प्लास्टिकच्या आकड्यांना भार पेलेना. मग तो थेट बोर्डावर टाकण्याची पद्धत रुळली.

२००४ मध्ये इंटेलच्या एलजीए ७७५ ने भोकांमधलं अंतर ७२ मिलिमीटर ठेवलं आणि सोबत पुशपिन आणल्या. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, आळीपाळीनं दाबायच्या. चारही पिनांचे पाय बोर्डाच्या मागे फाकलेले दिसले तरच कूलर बसला म्हणायचं. २००९ च्या एलजीए ११५६ ला हे अंतर ७५ झालं. पुढे ११५५, ११५०, ११५१, १२०० अशी नावं बदलत गेली, पण भोकं जागची हलली नाहीत. २०२१ मध्ये १७०० आला, अंतर ७८ झालं आणि प्रोसेसरची उंचीही सुमारे पाऊण मिलिमीटरनं घटली. म्हणजे भोकं कशीबशी जुळवली तरी दाब पुरेसा पडेलच असं नाही. २०२४ च्या १८५१ ने मात्र ७८ च कायम ठेवलं.

एएमडीचं घराणं निराळं. २००६ च्या एएम२ पासून एएम३+ पर्यंत भोकांमधलं अंतर ४८ बाय ९६ मिलिमीटर, एएम४ ला ५४ बाय ९०. तरी सॉकेटभोवतीच्या प्लास्टिकच्या चौकटीचे आकडे तेच राहिल्यानं क्लिपवाले जुने कूलर एएम४ वरही चालले. २०२२ च्या एएम५ ने एएम४ चीच भोकं घेतली, पण बोर्डामागची आधारपट्टी सॉकेटलाच जखडली. त्यामुळे स्वतःची पट्टी लावणारे कूलर अडले.

म्हणून खरेदीआधी सॉकेटचं नाव कंपनीच्या यादीत ताडून पाहा. कूलर चांगला असेल तर टाकून देऊ नका. नव्या सॉकेटचं किट मिळतं का विचारा, ऑस्ट्रियाची नॉक्टुआ तर ते अनेकदा फुकट देते. कॅबिनेटची रुंदी मोजा, कारण मोठे टॉवर कूलर सुमारे १६५ मिलिमीटर उंच असतात. आणि वॉट बघा: कोअर आय९-१२९००के पूर्ण जोरात २४१ वॉटपर्यंत जातो. कूलर बसला म्हणजे पुरला, असं होत नाही.