पूरसंरक्षण आणि त्याचा खर्च

पुराच्या पाण्यापासून वस्ती, शेती आणि रस्ते वाचवण्यासाठी केलेल्या कामांना व घातलेल्या नियमांना पूरसंरक्षण म्हणतात. नदीकाठचे बांध, संरक्षक भिंती, गाळ काढणे, धरणात पुरासाठी मोकळी ठेवलेली जागा, पूररेषेच्या आतील बांधकामबंदी, आगाऊ इशारा आणि वस्तीचे पुनर्वसन हे त्याचे नेहमीचे प्रकार. पूर मुळात थांबवता येत नाही. पाणी अडवून ठेवायचे, लवकर पुढे काढून द्यायचे, नाहीतर त्याच्या वाटेतून माणसांनी बाजूला व्हायचे, एवढेच हातात असते. या प्रत्येक उपायाचा बोजा वेगळ्या माणसांवर पडतो. खर्चाचा वाद तिथूनच सुरू होतो.

बांध घातला की त्यामागची सगळीच घरे वाचतात. पैसे देणाऱ्याचेही आणि न देणाऱ्याचेही. त्यामुळे स्वखुशीच्या वर्गणीतून बांध उभा राहत नाही आणि राहिला तरी टिकत नाही. नेदरलँड्समध्ये यावर मध्ययुगातच सक्तीचा तोडगा निघाला. तेराव्या शतकापासून तिथे बांध व पाणी सांभाळणारी जलमंडळे आहेत. बांधामागे ज्याची जमीन, त्याच्याकडे जमिनीच्या प्रमाणात बांधाचा ठरावीक तुकडा सांभाळायला दिलेला असे. ज्याला ते झेपत नसे, तो आपले फावडे बांधात रोवून निघून जाई. ते फावडे उपसणाऱ्याला त्याची जमीन मिळे आणि बांधाची जबाबदारीही. आज तिथे २१ जलमंडळे आहेत. त्यांच्या निवडणुका होतात आणि ती स्वतंत्र कर वसूल करतात. १९५३ च्या समुद्रपुरात १,८३६ माणसे मेल्यावर खाडीमुखे बंद करण्याची प्रचंड कामे मात्र राष्ट्रीय तिजोरीतून झाली. मुख्य बांधांच्या मजबुतीचा निम्मा खर्च आता केंद्र सरकार उचलते आणि निम्मा जलमंडळे. उंचावर राहणारा नागरिकही त्यात भर घालतो, कारण देशाची बंदरे आणि मोठी शहरे सखल भागात आहेत. अमेरिकेत १९३६ च्या कायद्याने पूरनियंत्रण ही संघराज्याची जबाबदारी ठरली. १९८६ पासून स्थानिक संस्थांनाही हिस्सा द्यावा लागतो. फुकट मिळणारा बांध सगळ्यांनाच हवा असतो, असा तोवरचा अनुभव होता.

भारतीय राज्यघटनेत पाण्याचा निचरा व बांध हे विषय राज्यसूचीत आहेत, आंतरराज्य नद्यांचे नियमन संघसूचीत. म्हणजे भिंत राज्याने बांधायची, नदी मात्र राज्याची हद्द पाळत नाही. केंद्राचा पैसा मुख्यतः आपत्ती आल्यावर येतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण ९० व १० असे आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी प्रथमच आपत्तीपूर्व कामांना वेगळा वाटा दिला, तो एकूण रकमेच्या २० टक्के. उरलेले ८० टक्के मदत, बचाव आणि पुनर्बांधणीसाठी. नुकसान झाल्यावर पंचनामा होतो, आकडा निघतो आणि धनादेश वाटता येतो. न बुडालेल्या घराचा पंचनामा होत नाही.

बांधाचा खर्च सरकारने केला म्हणजे किंमत चुकती झाली असेही नाही. बिहारमध्ये १९५० च्या सुमारास नदीकाठचे बांध जेमतेम १६० किलोमीटर होते. पुढच्या दशकांत ते ३,४०० किलोमीटरच्या वर गेले. त्याच काळात पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टरवरून ६८ लाख हेक्टरांपलीकडे पोचले. कोसी नदीच्या दोन बांधांमध्ये शेकडो गावे अडकली. बाहेरच्यांना संरक्षण मिळाले, त्याची किंमत आतल्यांनी दिली. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे बांध फुटला तेव्हा बाहेरचेही बुडाले.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे तो कृष्णा व पंचगंगेच्या खोऱ्यात. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर या भागाने सोळा वर्षांत पाहिले. सांगलीत १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळची फूटपट्टी हे पावसाळ्यातले घरोघरचे घड्याळ असते : ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३ फूट या दोन खुणा आहेत. पाणी चढू लागले की सांगलीत सूर्यवंशी प्लॉट आणि कर्नाळ रस्ता, कोल्हापुरात सुतारवाडा इथली घरे आधी हलतात. त्यासाठी तिथल्या लोकांना हवामानाचा अंदाज लागत नाही. कालच्यापेक्षा आज किती इंच वाढले, यावर भांडी माळ्यावर चढतात. नृसिंहवाडीला मात्र चढत्या पाण्याचे स्वागत होते. पादुकांवरून पाणी दक्षिण दाराने बाहेर पडले की दक्षिणद्वार सोहळा म्हणून स्नानाला गर्दी जमते.

या खोऱ्यात भिंतीपेक्षा धरणांतील रिकाम्या जागेवर अधिक वाद होतो. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). ऑगस्टमध्ये त्याचा काही भाग रिकामा ठेवला तर वरून आलेला लोंढा काही काळ अडवता येतो. पण सप्टेंबरात पाऊस दडी मारून बसला तर तीच रिकामी जागा सिंचनाची आणि विजेची तूट ठरते. पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मितीसाठी कोयनेचे ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलेले आहे. रिकामी जागा हेही पूरसंरक्षणच, पण त्याचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तो उन्हाळ्यात शेतकऱ्याच्या पाणीपाळीतून किंवा वीज यंत्रणेच्या हिशेबातून वसूल होतो. सांगलीच्या सुरक्षिततेसाठी लाभक्षेत्राने किती धोका पत्करायचा आणि त्याचा मोबदला कोणी द्यायचा, याचा ठरलेला दर नाही.

खाली कर्नाटकात अलमट्टी धरण आहे. त्याच्या फुगवट्याने सांगली बुडते असा स्थानिकांचा जुना आरोप. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टीला मुख्य कारण मानले नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अडथळे यांवर भर दिला. अलमट्टीची ५१९.६ मीटरची पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये मान्यता दिल्याने वाद पुन्हा पेटता राहिला. लवादांपुढचा मुख्य प्रश्न कोणत्या राज्याला किती पाणी, हा होता. पुराच्या नुकसानीत किंवा संरक्षणाच्या खर्चात कोणाचा किती वाटा, हे त्यातून ठरलेले नाही.

अडथळ्यांचा हिशेब तर आणखी अवघड. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गाचा भराव पंचगंगेच्या पूरमैदानातून जातो. २०१९ आणि २०२१ मध्ये तो महामार्गच पाण्याखाली गेला. भरावाऐवजी खांबांवरचा पूल असता तर रस्त्याचा खर्च वाढला असता. ती वाचवलेली रक्कम मागे तुंबणाऱ्या पाण्याच्या रूपाने चिखली, आंबेवाडीसारख्या गावांच्या माथी येते, असे तिथल्या लोकांचे म्हणणे आहे. चिखलीकरांना सोनतळी येथे पुनर्वसनाचे भूखंड मिळाले आहेत. पण शेत आणि गोठा नदीकाठी असताना घर तेवढे उचलून माळावर नेणे सोपे नसते. पाणी आले की सोनतळी, ओसरले की चिखली, असा बिऱ्हाड हलवण्याचा खर्च कुटुंबालाच सोसावा लागतो.

सर्वांत स्वस्त संरक्षण म्हणजे पूररेषा. महाराष्ट्रात २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, अशा दोन रेषा आखल्या जातात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी. ती पाळली तर सरकारचा खर्च जवळजवळ शून्य. तोटा होतो तो जमीनमालकाला आणि बांधकाम व्यावसायिकाला. म्हणून रेषा सरकवण्याची मागणी सतत होते. रेषेच्या आत इमारत उभी राहिली की नफा एकाचा होतो, आणि पुढच्या पुरातले सानुग्रह अनुदान, छावण्या, बोटी, चिखल उपसणे हा भार सगळ्या करदात्यांवर येतो. ब्रिटनमध्ये २०१६ पासून पूरप्रवण घरांचा विमा परवडावा म्हणून सर्व घरविमा कंपन्यांकडून आकार घेऊन एक सामाईक निधी चालवला जातो. १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना मात्र त्यातून वगळले आहे. धोका माहीत असताना बांधलेल्या घराचा भार इतरांनी का उचलायचा, असा त्यामागचा विचार.

कृष्णा खोऱ्यात आता पुराचे पाणी भीमा खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांकडे वळवण्याची योजना जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधारे मांडली गेली आहे. कर्ज फेडणार संपूर्ण राज्य, पाणी मिळणार दुष्काळी भागाला आणि पातळी उतरावी ही अपेक्षा सांगली-कोल्हापूरची. महापुरात नदीतून लाखांच्या घरात क्युसेक पाणी वाहते. बोगदे आणि कालवे त्याचा लहानसा हिस्साच उचलू शकतात. त्यामुळे या योजनेचा खर्च पूरसंरक्षणाच्या खात्यावर किती आणि सिंचनाच्या खात्यावर किती टाकायचा, हे ठरवल्याशिवाय तिचा लाभ-खर्च मांडता येत नाही.