रायगड किनाऱ्यावरील वास्तू आणि जलरंग निसर्गचित्रणाचे अध्यापन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) किनाऱ्यावर खांदेरी, कुलाबा, कोर्लई व जंजिरा हे किल्ले आणि रेवदंड्याचा पोर्तुगीज तट उभा आहे. वास्तूसह निसर्गचित्र रंगविण्यास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा किनारा म्हणजे खुली पाठशाळाच होय. मात्र वास्तूकडे पाहण्याची जी दृष्टी त्यांना वारशाने मिळते, तिची चिकित्सा आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीचा मागोवा घेऊन कुलाबा किल्ल्याच्या आधारे तिची मर्यादा स्पष्ट केली आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी :

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये स्थलचित्रण ही लष्करी गरज होती. जलरंगचित्रकार पॉल सँडबी यांनी १७६८ ते १७९६ या काळात वूलिच येथील लष्करी अकादमीत रेखन शिकविले. ईस्ट इंडिया कंपनीने १८०९ मध्ये अ‍ॅडिस्कम्ब येथे सुरू केलेल्या विद्यालयातही रेखन हा विषय होता. तट, बुरूज व भूभाग अचूक टिपणे हा त्यामागील हेतू होता. पुढे कंपनीचे अधिकारी रॉबर्ट ग्रिंडले यांनी पश्चिम भारतातील दृश्ये, पोशाख व वास्तू यांचा चित्रसंग्रह १८२६ ते १८३० दरम्यान प्रसिद्ध केला. त्या काळच्या दृश्यचित्रणात पडकी वास्तू, तिच्यावर वाढलेली झाडी व पायथ्याशी लहान मनुष्याकृती ही मांडणी रूढ होती. वास्तू म्हणजे भग्नावशेष, असा संस्कार त्यातून झाला.

मुंबईतील परंपरा :

१८५७ मध्ये सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली आणि यथार्थदर्शन, छायाप्रकाश यांचे पद्धतशीर शिक्षण येथे रुजले. सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. पारदर्शक जलरंगांवरील त्यांचे प्रभुत्व सर्वमान्य आहे. या पद्धतीत पांढरा रंग न वापरता कागदाची शुभ्रता राखूनच प्रकाश दाखविला जातो. म्हणून वास्तूची उजळ बाजू रंग लावण्यापूर्वीच ठरवावी लागते.

कुलाबा किल्ल्याचा पाठ :

शिवकाळाच्या अखेरीस, १६८० मध्ये, या जलदुर्गाचे बांधकाम सुरू झाले. त्याच्या तटाचे प्रचंड दगड चुन्याविना रचलेले असून लाटांचा जोर त्यांच्या फटींत विरतो. हे कारण समजलेला विद्यार्थी सांध्यांतील काळोख सरसकट एका थरात बुजवीत नाही. किल्ला अलिबागच्या पश्चिमेस असल्याने किनाऱ्यावरून सकाळी त्याचा तट उजळलेला, तर सायंकाळी प्रकाशाविरुद्ध काळा दिसतो. ओहोटीत तेथे चालत जाता येते, भरतीत होडी लागते. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत ओहोटी सकाळी येत असल्याने उजळ तट आणि उघडा खडक एकत्र मिळतात. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. त्यामुळे वर्गाचे वेळापत्रक पंचांग पाहूनच आखावे लागते. शिवाय राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेल्या येथील गणेशमंदिरात आजही भाविक येतात. केवळ अवशेष म्हणून किल्ला रंगविल्यास हे सत्य चित्राबाहेर राहते.

निष्कर्ष :

यथार्थदर्शनाने वास्तूचा आकार साधतो. परंतु ती तेथे तशी का उभी आहे, हे त्यातून कळत नाही. भरती-ओहोटी, दगड व वापर यांचे ज्ञान रेखनाबरोबरच दिले, तर वास्तू निसर्गात नुसती ठेवलेली न वाटता त्याचाच भाग वाटेल. त्यासाठी कलाशिक्षक व इतिहासाचे अध्यापक यांनी किनाऱ्यावरील वर्ग संयुक्तपणे घेणे इष्ट ठरेल. अन्यथा वसाहतकाळातील दृष्टीच आपल्या विद्यार्थ्यांच्या कुंचल्यातून उतरत राहील.