इंजिनावरची अक्षरं आणि खालचे रूळ

आजच्या विजेच्या इंजिनावर ‘डब्ल्यूएपी-७’ लिहिलेलं आपण पाहतो. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, पी म्हणजे प्रवासी गाडी. ही रीत वाफेच्या इंजिनांकडून आली आहे, आणि तिच्या इतिहासात एक मोठा अपघात आहे.

सुरुवातीला जीआयपी, ईस्ट इंडियन अशा प्रत्येक कंपनीची अक्षरं वेगळी आणि क्रमांकही वेगळे. एकच क्रमांक दोन कंपन्यांच्या इंजिनांवर असू शके. १९२० च्या दशकात सगळ्यांसाठी समान नमुने ठरले. ब्रॉडगेजला एक्स, मीटरगेजला वाय, अडीच फुटी मार्गाला झेड. एक्सए, एक्सबी आणि एक्ससी ही प्रवासी गाड्यांची इंजिनं: हलकं, मध्यम, जड. एक्सडी आणि एक्सई मालगाड्यांची. अक्षर वाचलं की इंजिनाचं काम कळायचं.

पण खालचा रूळ कसा आहे, ते अक्षर सांगत नव्हतं. १७ जुलै १९३७ रोजी बिहारमध्ये बिहट्याजवळ एक्सबी इंजिनाची एक्सप्रेस घसरली आणि शंभराहून अधिक माणसं गेली. पुढे नेमलेल्या समितीने या जातीच्या इंजिनांचा अभ्यास केला. वेगात इंजिन आडवं हेलकावे खातं, त्याचा जोर रुळांवर येतो, म्हणून इंजिन आणि रूळ यांचा विचार एकत्रच करायला हवा, हा त्यातला धडा.

म्हणूनच १९४७ मध्ये नव्या डब्ल्यूपीची आधी फक्त १६ इंजिनं अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीकडून आणली, ७२०० पासून पुढच्या क्रमांकांची. त्यांची चाचणी झाली, मग पुढच्या मागण्या गेल्या. एक्सची जागा डब्ल्यूने घेतली. दुसरं अक्षर आता काम सांगू लागलं, पी प्रवासी, जी माल. चित्तरंजनला १९५० मध्ये तयार झालेलं पहिलं इंजिन डब्ल्यूजी होतं, नाव ‘देशबंधु’.

१९५७ च्या सुमाराला साऱ्या देशाला एकच क्रमांकमाला मिळाली. तीत दार्जिलिंगची ‘बी’ इंजिनं ७७७ पासून पुढे आली, आणि आपल्या नेरळ-माथेरानच्या चौघांना ७३८ ते ७४१ मिळाले. जुन्या कंपन्यांच्या खुणा पुसल्या गेल्या, पण आता एका क्रमांकाचं एकच इंजिन होतं.

तेव्हा अक्षर इंजिनाची ओळख देतं, एवढंच. त्याला कोणत्या रुळावर, किती वेगाने पाठवायचं, ते माणसांनी तपासूनच ठरवायचं असतं.